बँकेतील यंत्र आणि कोंढ्याचा हिशेब

(भाषणाचा मजकूर)



बँकांच्या यांत्रिकीकरणाचा विचार बहुधा मुंबईच्या एखाद्या मुख्य कार्यालयात, संचालक मंडळापुढे ठेवलेल्या टिपणाच्या आधारे होतो. किती यंत्रे घ्यावयाची, त्यांस खर्च किती येईल, कर्मचाऱ्यांचे किती तास वाचतील आणि गुंतविलेला पैसा किती वर्षांत भरून निघेल, एवढे त्या टिपणात असते. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील कोंढा या गावी बसून तोच प्रश्न पाहिला म्हणजे त्याचे स्वरूप पालटते. जुलै महिन्यात या भागातील बांध्यांमध्ये धानाची रोवणी ऐन भरात असते. रोवणीला जाणारी मजूर स्त्री बँकेचे काम निघाले म्हणून त्या दिवशी घरी राहिली, तर तिची मजुरी बुडते. बँकेत गेल्यावर ‘आज लिंक नाही, उद्या या’ असे उत्तर मिळाले, तर दोन दिवसांची बुडते. (लिंक हा शब्द आता गावच्या बोलीत इतका रुळला आहे की तो परका आहे याची कोणास आठवणही राहिलेली नाही.) मुंबईच्या टिपणात या बुडालेल्या मजुरीसाठी रकाना नसतो. तो असावयास हवा, आणि तो नसल्यामुळे यांत्रिकीकरणाचे अनेक हिशेब मुळातच अपुरे राहतात, हे या भाषणाचे प्रतिपादन आहे.

यंत्राच्या प्रश्नावर आपल्या देशात पहिले मोठे वादळ उठले ते आयुर्विमा महामंडळात. १९६० नंतरच्या दशकात महामंडळाच्या कलकत्ता येथील कार्यालयात संगणक येऊ नये यासाठी तेथील कर्मचाऱ्यांनी प्रदीर्घ लढा दिला. कारकुनाची एक नोकरी हाच अनेक कुटुंबांचा एकमेव आधार असण्याचा तो काळ होता. त्या विरोधास अडाणीपणा म्हणून हिणविणे सोपे आहे. परंतु जे काम दहा जण करीत होते ते यंत्राने केल्यास त्या दहांचे काय होणार, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. केंद्र सरकारने पुढे या विषयाच्या अभ्यासासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर होते आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रा. नीळकंठ रथ यांच्यासमवेत करणारे तेच हे अर्थशास्त्रज्ञ. यंत्राचा प्रश्न त्या काळी प्रथम रोजगाराचा प्रश्न म्हणूनच पाहिला जात होता, हे या निवडीवरूनही ध्यानात येते.

बँकांची अडचण मात्र दुसऱ्याच दिशेने वाढत होती. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या. १९९१ पर्यंत त्या सुमारे ६० हजारांवर गेल्या. ज्या गावांनी बँक कधी पाहिली नव्हती तेथे ती पोहोचली. शाखा वाढल्या, खाती वाढली, कर्जवाटपाच्या योजना वाढल्या. लिहिण्याची रीत तेवढी जुनीच राहिली.

ती रीत ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगणे इष्ट ठरेल. ग्राहकाने पैसे काढण्याची चिठ्ठी काउंटरवर दिली म्हणजे त्यास पितळी टोकन मिळे. चिठ्ठी खतावणीकडे जाई. तेथील कारकून जाडजूड खातेवही उघडून त्या खात्याचे पान काढी, शिल्लक पाही, रक्कम वजा करून नवी शिल्लक लिही. अधिकारी सही पडताळून पाही व नोंदीवर आद्याक्षरे करी. मग चिठ्ठी रोखपालाकडे जाई आणि टोकनाचा क्रमांक पुकारला जाई. संध्याकाळी दिवसभराच्या चिठ्ठ्यांची बेरीज आणि रोजकीर्द जुळवावयाची. महिन्यातून ठराविक वेळी प्रत्येक खात्याच्या शिल्लकेची बेरीज सर्वसाधारण खतावणीशी ताडून पाहावयाची. फरक दहा पैशांचा असला तरी तो सापडेपर्यंत शेकडो पाने पुनःपुन्हा तपासावी लागत. जून आणि डिसेंबरच्या अखेरीस व्याज आकारणीसाठी शाखांतून रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असत. एका शाखेने दुसऱ्या शाखेच्या नावे काढलेल्या रकमांचा ताळमेळ तर वर्षानुवर्षे मागे राही, आणि अशा न जुळलेल्या नोंदींच्या आड अफरातफरीस वाव मिळे.

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर १९८३ मध्ये बँकांचा संघ आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांच्या वापराविषयी करार झाला. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला. त्यांच्याच अध्यक्षतेखालील दुसऱ्या समितीने त्या दशकाच्या अखेरीस पुढचा टप्पा आखला. १९८६ मध्ये मुंबईत चुंबकीय शाईच्या अक्षरांवरून धनादेशांची छाननी करणारी यंत्रे आली. १९८७ मध्ये मुंबईतच देशातील पहिले एटीएम सुरू झाले. हे सारे मुंबईत घडले यात नवल नाही.

नवल नाही असे म्हणण्याचे कारण त्या वेळच्या गणितात आहे. तेव्हा प्रत्येक शाखेसाठी स्वतंत्र यंत्र घ्यावे लागे. समजा, एका यंत्राचा वर्षाचा सर्व खर्च ५० हजार रुपये धरला. ज्या शाखेत रोज ८०० व्हाउचरे होतात तेथे वर्षाच्या ३०० कामाच्या दिवसांत २ लाख ४० हजार व्हाउचरे होतील आणि प्रत्येकामागे खर्च पडेल सुमारे २१ पैसे. ज्या लहान शाखेत रोज ६० व्हाउचरे होतात तेथे तोच खर्च प्रत्येकामागे २ रुपये ७८ पैसे पडेल. साहजिकच यंत्रे गर्दीच्या शाखांना मिळाली. कोंढ्यासारख्या भागातील खातेदाराची वेळ शेवटी यावयाची, हे गणितानेच ठरवून टाकले होते. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता.

एक गोष्ट येथे जाता जाता नमूद करण्याजोगी आहे. बँकांच्या संगणकीकरणास १९९८ मध्ये मोठा धक्का मिळाला तो नफ्यातोट्याच्या विचारातून नव्हे. केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी सार्वजनिक क्षेत्रातील बँकांना आपला ७० टक्के व्यवसाय १ जानेवारी २००१ पर्यंत संगणकावर आणण्याचे फर्मावले. भ्रष्टाचार व अफरातफर रोखणे हा त्यामागील हेतू होता. मागे पडलेला ताळमेळ ही चोरास मिळालेली सवलत आहे, हे त्यांनी ओळखले होते. कोणत्याही बँकेच्या लाभाच्या रकान्यात ‘न झालेली अफरातफर’ अशी नोंद सहसा आढळत नाही, कारण जे घडलेच नाही त्याची रक्कम लिहिणार कशी? तरीही तो लाभ खरा आहे.

गणित पालटले ते केंद्रीभूत बँकिंग पद्धतीने. २००० नंतरच्या दशकात स्टेट बँकेसह सर्व मोठ्या बँकांनी खातेवह्या शाखेतून उचलून एका मध्यवर्ती संगणक केंद्रात नेल्या. शाखेत उरले ते पडदे, कळफलक, छपाईयंत्र आणि केंद्राशी जोडणारी तार. खर्चाचा मोठा भाग एकदाच, केंद्रावर होऊ लागला. त्यानंतर एक लहान शाखा जोडण्यास येणारा वाढीव खर्च पूर्वीच्या मानाने थोडा राहिला. विस्तार म्हणतात तो हा. एकाच गोष्टीचे शंभर नग घेणे वेगळे आणि एकदा उभारलेल्या गोष्टीस शंभरावी शाखा जोडणे वेगळे. कोणत्याही यांत्रिकीकरणाच्या प्रस्तावात प्रथम हे तपासावे की, वाढत्या कामाबरोबर खर्चही त्याच प्रमाणात वाढणार आहे की नाही. वाढणार असेल तर तो प्रस्ताव शहराबाहेर पडत नाही.

या बदलाचा एक लाभ लहान बचतदारास कसा मिळाला, याचे उदाहरण मोठे बोलके आहे. पूर्वी बचत खात्यावरील व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर दिले जाई. नियम असा असण्याचे कारण उघड होते. कारकुनास खातेवहीच्या पानावरून नजर फिरवून सर्वांत लहान आकडा उचलता यावा, इतपतच हिशेब हाताने करणे शक्य होते. समजा, एखाद्या शेतकऱ्याच्या खात्यावर धानाच्या चुकाऱ्याचे ४० हजार रुपये १२ जानेवारीस जमा झाले आणि २८ फेब्रुवारीस त्याने ते सर्व काढून घेतले. खात्यात दुसरी रक्कम नाही असे धरू. जानेवारीत १० तारखेस शिल्लक शून्य, म्हणून व्याज शून्य. फेब्रुवारीत अखेरच्या दिवशी शिल्लक शून्य, म्हणून पुन्हा व्याज शून्य. ४७ दिवस ४० हजार रुपये बँकेने वापरले आणि त्याबद्दल एक पैसाही दिला नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिल्लकेवर आकारले जाऊ लागले. तेव्हाच्या साडेतीन टक्के दराने याच शेतकऱ्यास सुमारे १८० रुपये मिळाले असते.

ही रक्कम लहान आहे. परंतु ती कोणत्या बाजूस लिहिली जाते ते पाहावे. बँकेच्या प्रस्तावात ती खर्च म्हणून येते. केवळ स्वतःच्या किफायतीचा विचार करणारी बँक संगणक आल्यावरही जुनाच नियम चालू ठेवील, आणि तिच्या टिपणात कोणतीही चूक दिसणार नाही. यंत्रामुळे जे शक्य झाले ते खातेदाराच्या पदरात पडावे यासाठी मध्यवर्ती बँकेस आदेश काढावा लागला.

आता ‘वाचलेल्या तासां’कडे वळावयास हवे, कारण प्रत्येक प्रस्तावाचा तो कणा असतो आणि तेथेच फसगतही सर्वाधिक होते. समजा, एका शाखेत रोज २०० व्यवहार होतात आणि यंत्रामुळे प्रत्येकामागे तीन मिनिटे वाचली. कागदावर रोजचे दहा तास वाचले. टिपण लिहिणारा या दहा तासांस पगाराच्या दराने गुणतो आणि ‘बचत’ म्हणून मोठी रक्कम दाखवितो. परंतु शाखेचा पगारपट त्या महिन्यात तितकाच राहतो. तीन-तीन मिनिटांचे ते तुकडे चार-पाच माणसांच्या दिवसभरात विखुरलेले असतात. त्यांची बेरीज करून एक माणूस मोकळा होत नाही. ती मिनिटे दुसऱ्या कामी लावली तरच त्यांचे मोल. व्यवस्थापकास वसुलीसाठी गावी जाता आले, बचत गटाचे कर्जप्रकरण आठ दिवसांऐवजी दोन दिवसांत झाले, वृद्ध खातेदारास अर्ज भरण्यास कोणी मदत केली, तर तास वाचले असे म्हणता येईल. एरवी ते केवळ कागदावर वाचतात.

दुसरा मार्ग माणसे कमी करण्याचा. २०००-०१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. मुख्य कार्यालयाच्या हिशेबात ही बचत खरी होती. त्यानंतरच्या काळात गावोगावची खाती मात्र कमी झाली नाहीत. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ पर्यंत तिच्याखालील खात्यांची संख्या ५० कोटींवर गेली. अनुदाने, शिष्यवृत्त्या, शेतकरी सन्मान निधीचे हप्ते, धानाचे चुकारे हे सारे थेट खात्यावर येऊ लागले. २०२४ मध्ये राज्य शासनाने लाडकी बहीण योजना जाहीर केली तेव्हा खात्यास आधार जोडण्यासाठी बँकांपुढे लागलेल्या रांगा सर्वांनी पाहिल्या. पैसे पाठविण्याचे काम यंत्राने क्षणात केले. नाव जुळविणे, बंद पडलेले खाते चालू करणे, अंगठा घेणे ही कामे माणसाची होती आणि तेथे माणसे अपुरी पडली.

मोठ्या बँकांनी याच्याही पुढची मजल मारली आहे, हे मान्य केले पाहिजे. मुंबईत मुख्यालय असलेल्या आयसीआयसीआय बँकेने सप्टेंबर २०१६ मध्ये असे जाहीर केले की, तिच्या २०० हून अधिक प्रकारच्या कामांत संगणकीय आज्ञावलीच कारकुनाप्रमाणे पडद्यावरील माहिती वाचते, ताडून पाहते व नोंद करते, आणि अशा रीतीने रोज १० लाखांहून अधिक व्यवहार पार पडतात. पुनरावृत्तीची, नियमांत बसणारी कामे यंत्राकडे द्यावीत याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो नियमात न बसणाऱ्या माणसाचा. सातबारावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे आणि पासबुकात तिसरे असलेली व्यक्ती यंत्राच्या दृष्टीने तीन व्यक्ती आहेत. येथील प्रत्येक सरपंचास अशी उदाहरणे माहीत असतील.

या बाबतीत महाराष्ट्रास स्वतःचाच एक मोठा अनुभव आहे. जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. शेतकऱ्यांनी संगणकावरून अर्ज भरावयाचे, बँकांनी आपली माहिती वेगळी पाठवावयाची आणि दोहोंची जुळणी यंत्राने करावयाची, अशी तिची रचना होती. शेतकऱ्याने भरलेली माहिती आणि बँकेची माहिती असंख्य ठिकाणी जुळेना. याद्या पुनःपुन्हा तपासाव्या लागल्या आणि पैसे खात्यावर जाण्यास विलंब झाला. यंत्र बिघडले नव्हते. वर्षानुवर्षे हाताने लिहिल्या गेलेल्या नोंदींतील विसंगती त्याने एकदम उघडी केली, एवढेच.

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली तेव्हा क्रम उलटा करण्यात आला. शेतकऱ्याने अर्ज करावयाचा नाही. बँकांनी आणि सेवा सहकारी संस्थांनी प्रथम आपली खाती आधारशी जोडून घ्यावयाची व याद्या पाठवावयाच्या. त्या याद्या गावात लावावयाच्या. शेतकऱ्याने येऊन आपले नाव व रक्कम पाहावयाची, मान्य असेल तर अंगठा देऊन प्रमाणित करावयाची आणि मान्य नसेल तर तक्रार नोंदवावयाची. पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी प्रसिद्ध झाली ती केवळ ६८ गावांची, प्रत्येक जिल्ह्यातील दोन. त्या गावांत काय अडते हे पाहून मगच पुढील याद्या निघावयाच्या होत्या.

या दोन योजनांत यंत्रे फारशी निराळी नव्हती. निराळे होते ते जुळणीचे ओझे कोणी वाहावयाचे याचे उत्तर. पहिल्या वेळी ते शेतकऱ्यावर होते, दुसऱ्या वेळी ते बँकेवर आणि संस्थेवर टाकले गेले, आणि विस्तारापूर्वी थोड्या गावांत पडताळा घेतला गेला. बँकेतील यांत्रिकीकरणाचा प्रस्ताव तयार करणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याने ही दोन उदाहरणे समोर ठेवावीत. त्यासाठी परदेशातील पुस्तके धुंडाळण्याची आवश्यकता नाही.

खर्चाच्या बाजूस जी कलमे हटकून गळतात त्यांत सुरक्षितता हे एक आहे. पुण्यात १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये संगणकीय हल्ला झाला आणि दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये काढून घेण्यात आले. त्यातील बरीच रक्कम २८ देशांतील एटीएम यंत्रांतून गेली. पूर्वी तिजोरीस कुलूप व दाराशी पहारेकरी पुरत असे. आता पहारा वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास आणि तज्ज्ञ माणसांकरवी ठेवावा लागतो आणि त्याचा खर्च दरवर्षी वाढतो. लहान सहकारी बँकांस हे एकट्याने झेपणारे नाही. त्यांनी सामाईक केंद्राचा आश्रय घेणेच हिताचे आहे.

दुसरे गळणारे कलम म्हणजे फसलेला व्यवहार. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये बँकांना व्यवसाय प्रतिनिधी नेमण्याची परवानगी दिली. त्यातूनच आज गावोगाव दिसणारा ‘बँक मित्र’ निर्माण झाला. त्याच्याजवळच्या लहानशा यंत्रावर अंगठा ठेवला की खात्यातून पैसे मिळतात. कोंढ्याच्या म्हातारीस पवनीपर्यंतची खेप त्यामुळे वाचते, हा लाभ निर्विवाद आहे. परंतु आयुष्यभर चिखलात रोवणी आणि विळ्याने कापणी केलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र म्हणते, अंगठा जुळत नाही. जिच्या श्रमाची खूण म्हणून रेषा पुसल्या गेल्या तिलाच तिचे पैसे नाकारले जावेत, हे यांत्रिकीकरणाच्या कोणत्याही तत्त्वात बसत नाही. डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख, मोबाइलवर येणारा संकेतांक, अथवा पासबुक आणि छायाचित्र पाहून शाखेत पैसे देण्याची जुनी रीत, यांपैकी काही तरी पर्यायी सोय प्रत्येक ठिकाणी हवीच, आणि तिचा खर्च प्रस्तावात प्रथमपासून धरावयास हवा.

कधी कधी अंगठा जुळतो, खात्यातून रक्कम वजा होते आणि हाती पैसे पडत नाहीत. या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी काढलेले परिपत्रक पंचायत सदस्यांनी अवश्य लक्षात ठेवावे. एटीएम अथवा लहान यंत्रावरील असा फसलेला व्यवहार बँकेने पाच दिवसांत आपणहून दुरुस्त करावयाचा आहे. त्यापुढे विलंब झाल्यास दर दिवसास १०० रुपये याप्रमाणे भरपाई खातेदारास द्यावयाची आहे आणि त्यासाठी त्याने अर्ज करण्याची वाट पाहावयाची नाही. परिपत्रकाचे महत्त्व केवळ १०० रुपयांत नाही. खातेदाराचे नुकसान त्यायोगे बँकेच्या खर्चाच्या बाजूस रकमेनिशी येऊन बसले. असे झाले म्हणजे यंत्र नीट चालविणे हेच बँकेस किफायतीचे ठरते.

हीच पद्धत अन्य बाबतींतही वापरता येण्याजोगी आहे. समजा, जोडणी तुटल्यामुळे एका दिवसात ४० माणसे काम न होता परत गेली आणि प्रत्येकाची ३०० रुपये मजुरी बुडाली. त्या दिवसाचे नुकसान १२ हजार रुपये झाले. वर्षातून असे दहा दिवस आले तर १ लाख २० हजार. शाखेस दुसरी दूरसंचार जोडणी आणि विजेची पर्यायी सोय देण्याचा वार्षिक खर्च या रकमेशी ताडून पाहावा. बँकेच्या टिपणात तो खर्च अनाठायी दिसेल, कारण दुसऱ्या बाजूस काहीच लिहिलेले नसते. किती वेळा जोडणी तुटली आणि किती माणसे परत गेली याची साधी नोंद ग्रामपंचायतीने सहा महिने ठेवली, आणि ती जिल्हा अग्रणी बँकेच्या आढावा बैठकीत मांडली, तर त्या बाजूस प्रथमच आकडा येईल. शाळेतील शिक्षकांस असे तक्ते करण्याचा सराव असतो. त्यांचे साहाय्य यात मोलाचे ठरेल.

शेवटी, गावाच्या सर्वांत जवळच्या संस्थेविषयी. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मान्यता दिली. एकूण खर्च २,५१६ कोटी रुपये. त्यात केंद्राचा वाटा १,५२८ कोटी, राज्यांचा ७३६ कोटी आणि नाबार्डचा २५२ कोटी. संस्थांची संख्या पुढे वाढविण्यात आली. आपल्याकडील विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था त्यातच मोडतात. मूळ आकड्यांवरून एका संस्थेमागे सरासरी सुमारे ४ लाख रुपये होतात. समजा, संस्थेचे सभासद ८०० आहेत, तर सभासदामागे ५०० रुपये. एका सर्वसाधारण आज्ञावलीवर सर्व संस्था आणि त्यांच्यावरील जिल्हा बँक जोडल्या जाव्यात, स्थानिक भाषेत काम व्हावे, जुन्या नोंदी संगणकावर याव्यात आणि कर्मचाऱ्यांस प्रशिक्षण मिळावे, अशी योजना आहे. एकदा उभारून अनेकांस जोडावयाचे, हे विस्ताराचे गणित येथे बरोबर मांडले गेले आहे.

कसोटी लागते ती जुन्या नोंदी यंत्रात घालताना. सेवा सहकारी संस्थेचा कारभार वर्षानुवर्षे सचिवाच्या हस्ताक्षरात चालत आला. एकेका सचिवाकडे अनेक संस्था असत. सभासदाने हप्ता भरला, पावती मिळाली, पण खतावणीत नोंद राहून गेली. बाप वारला आणि कर्ज मुलाच्या नावे चढविण्याचे राहिले. दोन सभासदांचे नाव, बापाचे नाव आणि आडनावही एकच असल्याने एकाचा भरणा दुसऱ्याच्या पानावर गेला. असे गुंते ज्या संस्थेत मुळीच नाहीत ती भाग्यवान म्हणावयास हवी. वहीतील चूक सभासदास दिसत असे. सचिवाशी वाद घालून, पावती दाखवून ती दुरुस्त होई. तीच चूक एकदा संगणकात शिल्लक म्हणून गेली की ती जिल्हा बँकेत दिसते, व्याज सवलतीच्या यादीत दिसते आणि पुढील हंगामाच्या पीककर्जाच्या पात्रतेतही दिसते. राज्याने २०२१-२२ पासून मुदतीत परतफेड करणाऱ्या शेतकऱ्यांना ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्के व्याजाने देण्याची घोषणा केली. ज्याने मुदतीत पैसे भरले, पण ज्याची नोंद उशिराच्या तारखेस पडली, त्याची ती सवलत संगणक निमूटपणे नाकारील, आणि काउंटरवरील माणूस म्हणेल, ‘सिस्टीममध्ये असेच आहे.’

यास्तव संस्थेच्या वहीतील अखेरची शिल्लक संगणकात पक्की करण्यापूर्वी सभासदनिहाय यादी काढून ती संस्थेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यात यावी. तीत सभासदाचे नाव, मुद्दल, व्याज आणि शेवटच्या भरण्याची तारीख हे चार रकाने पुरेत. ती मोठ्याने वाचून दाखविली जावी, कारण फलकापुढे उभे राहून वाचणे सर्वांस जमत नाही. आपल्याजवळच्या पावत्या घेऊन येण्यास सभासदांना निदान पंधरा दिवस मिळावेत. या कामास वेळ मार्चअखेरीनंतरचा आणि रोवणीपूर्वीचा योग्य. जूनचा पाऊस पडला की यादी वाचावयास गावात माणूस सापडणार नाही.